तापल्या पोलादातला नाद

"पाइपाची भिंत ठीक आहे. चढवा दाब," ती वॉकीटॉकीवर म्हणाली आणि लेझर बंद करून वायरी गुंडाळायला बसली.

वाफेचा पाइप छताला लगटून गेला होता, तापून नुसता रसरसत होता. वळणावर तो आतून झिजल्याची शंका होती. गार करायला कुणाला सवड नव्हती, आणि तापल्या पोलादाला हात कोण लावणार? म्हणून तिला बोलावलं होतं. मडकं टिचकी मारून पारखावं, तशी ती दुरून उजेडाची टिचकी मारायची. लेझरचा क्षणभराचा झोत पडला की तेवढाच ठिपका चटक्याने फुगायचा, आणि त्या दचकण्यातून कानाला कधीच न ऐकू येणारा नाद पोलादात शिरायचा, आतल्या कडेला थडकून माघारी यायचा. तिथून चार बोटांच्या अंतरावर रोखलेला दुसरा, मंद लेझर त्याची थरथर टिपायचा. नादाला जायला-यायला किती वेळ लागला, त्यावरून भिंतीची जाडी.

आता मचाणावर तिचा धाकटा दीर चढला होता. याच कारखान्यातला फिटर. पाइपाचं सोडलेलं आवरण त्याला पुन्हा बांधायचं होतं.

"वहिनी, ओवाळून झालं असेल तर याला शाल पांघरतो!"

"नीट बांधा हो भाऊजी. मागच्या खेपेला दोन दिवसांत सुटली होती."

"हळू बोला, हातात पाना आहे माझ्या!" तो हसला आणि गोंगाट अडवणारे जाड कप त्याने कानांवर चढवले.

तिने जाता जाता यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं, आणि हातातली वायर हातातच राहिली.

आत शिरणाऱ्या लाटेबरोबर एक लाट पाइपाच्या अंगावरूनही धावते. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, चार बोटं. अंतर ठरलेलं, म्हणून तिची वेळही ठरलेली. आज तीसुद्धा उशिरा आली होती.

वाट तीच, अंतर तेच. मग उशीर कसला?

तापल्या पोलादात नाद जड पावलांनी चालतो. यंत्राला तापमान सांगावं लागतं. पाइपाचं तापमान भरायचं ती विसरली होती. यंत्र अजून जुळवणीसाठी टेबलावर ठेवलेल्या पोलादाच्या गार तुकड्याचाच हिशेब धरून होतं. नाद दमून उशिरा आला, आणि यंत्र म्हणालं, भिंत जाड!

तिने खरं तापमान भरलं. आकडा सरकला आणि धोक्याच्या रेघेखाली जाऊन थांबला.

"दाब थांबवा! उतरवा!"

वॉकीटॉकीच्या पलीकडे मुख्य इंजिनिअर होते. पाठीमागे सगळे त्यांना घाईमास्तर म्हणायचे. "अहो बाई, आत्ताच ठीक म्हणालात ना? घटकेत हो, घटकेत नाही, हा काय पोरखेळ आहे?"

"माझं चुकलं. तापमान भरलं नव्हतं. भिंत पातळ आहे."

"आणि आता चुकत नाही कशावरून?"

"तसं असेल तर माझी नोकरी घ्या. पण माझा दीर वर आहे."

"उतरवतो. पण वाफ आहे ती, नळाचं पाणी नव्हे. वेळ लागणार. त्याला आधी खाली घ्या."

"भाऊजी!" ती ओरडली. त्याची पाठ हलली नाही. पुन्हा ओरडली. तो निवांत गाठ मारत होता, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी.

मग ती शिडीच चढली. गरम हवा डोळ्यांत भरली, हातमोजे नसलेल्या तळव्यांना पायऱ्या चटके देत होत्या. वर पोचून तिने त्याचा घोटा धरला. तो खेकसत वळला. तिचा चेहरा बघताच पाना तिथेच टाकून तिच्यामागोमाग उतरला.

काँक्रीटच्या भिंतीआड दोघं टेकून बसली. दाबाचा काटा रखडत रखडत उतरत होता. तो शून्याला टेकेपर्यंत ती श्वास मोजून घेत होती.

त्याने कानांवरचे कप काढले. "काय झालं?"

"भिंत पातळ होती. मी जाड सांगितली."

"मी वर असताना?"

"हो."

त्याने पाइपाकडे पाहिलं, मग तिच्या भाजलेल्या तळव्यांकडे.

वॉकीटॉकी खरखरला. "बाई, गार झाल्यावर पुन्हा मोजायला लागेल. तुम्ही येताय, की दुसरं कुणी बोलावू?"

दिराने तिच्या हातातून वॉकीटॉकी घेतला.

"वहिनीच मोजतील," तो म्हणाला. "पण यंत्रात आकडे भरताना मी शेजारी उभा राहणार."

आवाजात थट्टा नव्हती. तिने मान डोलावली.