प्यायचं इंजेक्शन

औषधवाल्या बाईंचं राज्य रुग्णालयाच्या तळघरात. खिडकी एकच, तीही औषधं द्यायची, त्यामुळे वरच्या मजल्यांवर काय चाललंय ते त्यांना मागणीच्या चिठ्ठ्यांवरूनच कळायचं. त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरून चिठ्ठी आली: व्हँकोमायसिनची एक कुपी आणि सलाइनच्या शंभर मिलीच्या चार पिशव्या. बाईंनी ती दोनदा वाचली. मग मागच्या तीन दिवसांच्या चिठ्ठ्या काढल्या. तिथेही चार-चार पिशव्या.

पेशंट कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्याच्या मावशी. सव्वीस वर्षं याच वॉर्डात त्यांनी परक्या माणसांचे बेडपॅन उचलले आणि आता स्वतःच तिथल्या खाटेवर येऊन पडल्या होत्या. दाढ काढल्यावर कुणीतरी दहा दिवस जहाल अँटिबायोटिक दिलं, त्यात आतड्यातले चांगले जंतू मेले आणि वाईटांना रान मोकळं झालं. दिवसाला पंधरा-पंधरा जुलाब. तपासणीत जंतू सापडला, औषधही योग्य तेच लिहिलं गेलं. पण हे औषध शिरेतून दिलं तर रक्तात फिरून लघवीवाटे निघून जातं, आतड्यात पोचतच नाही. आतड्यातल्या जंतूंसाठी ते पोटात घ्यावं लागतं. त्याची कॅप्सूल या रुग्णालयात येत नसे, म्हणून इंजेक्शनची कुपी पाण्यात विरघळवायची आणि दिवसातून चार वेळा थोडी थोडी प्यायला द्यायची. बाईंनी प्रत्येक कुपीवर लाल शाईतली चिठ्ठी चिकटवली होती: ‘तोंडाने द्या. शिरेतून नाही.’

मग या पिशव्या कशाला? अंगातलं पाणी भरून काढायला अर्ध्या लिटरच्या बाटल्या जातात. शंभरची पिशवी लागते ती शिरेतून औषध सोडायला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खिडकी लावली आणि तीन मजले धापा टाकत चढल्या.

मावशींच्या खाटेशी पिशवी टपटपत होती. शेजारी त्यांची मुलगी बसली होती, रडून रडून डोळे सुजलेली. औषध लागू पडत नाही, उद्या सर्जन बघतील, कदाचित आतड्याचा भाग काढावा लागेल, असं तिला सकाळीच सांगितलं होतं.

बाईंनी आधी ड्रिपची कळ बंद केली. “सिस्टर, कुपीवरची चिठ्ठी वाचली होती का?”

“वाचली की,” सिस्टर म्हणाली. “पण इंजेक्शन कोणी पितं का, बाई? मला वाटलं, खाली चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल.”

“मग फोन करून विचारायचं.”

“तुमचा फोन लागतो कुठे लवकर?”

एवढ्या कारणासाठी एका बाईचं आतडं कापायला निघाले होते. बाईंना वाटलं, भिंतीवरचा तो फोन उपटून हिच्या हातात द्यावा.

मोठे डॉक्टर आले. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. “ठीक आहे, आजपासून तोंडाने द्या. कागदावर लिहू, प्रतिसाद कमी म्हणून मार्ग बदलला.”

“प्रतिसाद कमी नव्हता, डॉक्टर. औषध पोचलंच नव्हतं.”

“राईचा पर्वत करू नका. वयाचाही भाग असतोच.”

वयाचा भाग! मावशी छप्पन्न वर्षांच्या, मोठ्या डॉक्टरांहून दोनच वर्षांनी मोठ्या. पण खापर फोडायला वय बरं असतं, ते उलट बोलत नाही.

बाईंनी स्वतः कुपी विरघळवली, एका वेळचा डोस मोजून पेल्यात घेतला आणि पेला मावशींच्या ओठांना लावला. मावशींनी तोंड वाकडं करत तो संपवला, पदराने ओठ पुसले.

“मी पहिल्याच दिवशी सिस्टरला म्हटलं होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पोरी, हे प्यायचं असतं. वाचता येतं मला. याआधी तीन पेशंटांना मी स्वतः पेला धरलाय. तर मला म्हणाली, मावशी, आता तुम्ही पेशंट आहात, आमचं काम आम्हाला करू द्या. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांना सांगितलं. ते हसले.”

सिस्टर ड्रिपची नळी गुंडाळू लागली. डॉक्टरांना एकाएकी दुसऱ्या वॉर्डातलं काम आठवलं. ज्या खोलीत ज्ञानाचा एवढा तोरा, तिथे खरं काय ते एकटीला माहीत होतं, आणि तिलाच गप्प बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी जुलाब पाचावर आले. सर्जनची गरज उरली नाही. मुलगी पहिल्यांदा घरी जाऊन झोपली. आणि तळघरात एक फॉर्म आला, ‘औषध देण्यातील त्रुटी’. कारणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं: औषध विभागाकडून सूचना स्पष्ट नव्हती. खाली बाईंच्या सहीची जागा मोकळी.

लाल शाईतल्या ठसठशीत अक्षरांना म्हणे स्पष्ट नाही. चार दिवस चूक करायची आणि वर दुसऱ्याच्या नावावर खपवायची, याला निगरगट्टपणा म्हणतात. बाईंनी ती ओळ खोडली आणि फॉर्म घेऊन पुन्हा जिना चढल्या.

“मावशी, इथे मी लिहिते: रुग्णाने दोनदा सांगितले, ऐकले नाही. खाली तुमची सही लागेल. पण नीट विचार करा. तुमची दोन वर्षं नोकरी राहिलीय आणि ती याच लोकांच्या हाताखाली करायचीय.”

मुलगी घाबरून म्हणाली, “आई, राहू दे ना. बरी झालीस, झालं.”

मावशींनी उशीला टेकून उठायचा प्रयत्न केला, मुलीने आधार दिला. त्यांनी संपूर्ण नाव, आडनावासकट, सावकाश लिहिलं.

“बाई, नुसतं दोनदा नका लिहू,” त्या म्हणाल्या. “वेळ लिहा. सोमवारी सकाळी दहा, कुपी फोडायच्या आधी. मंगळवारी साडेअकरा, सगळ्यांसमोर.”