मांडीवरची जागा

मी रोड अ‍ॅटलास. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी शैलेंद्र मेश्रामांची एक निळी गाडी आहे, तिच्यात माझा मुक्काम असतो. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव चांगला नाही. मी मत्सरी आहे. पुढे जे सांगणार आहे त्यात ते लपायचं नाही, म्हणून आताच कबूल केलेलं बरं.

माझा जन्म १९९१ सालचा. छापखान्यातून निघालो तेव्हा पोटात पन्नास राज्यं होती आणि शेवटच्या पानांवर कॅनडा अन् मेक्सिको दाटीवाटीनं बसवलेले. एका गॅस स्टेशनच्या दुकानात, शेंगदाण्याच्या पुड्यांशेजारी मी उभा होतो. एका संध्याकाळी एक घामाघूम तरुण आत आला आणि मला उचलून पैसे देऊन निघालासुद्धा. त्यानं नुकतीच नागपूरहून नवी नवरी आणली होती, आणि विमानतळावरून घरी येताना तो दोनदा वाट चुकला होता.

गाडीत बसल्याबरोबर त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. "उत्तरा, तू बघ. मी चालवतो."

बस्स, त्या दिवसापासून ती जागा माझी झाली.

उत्तरा नकाशा वाचायची तो सोहळा असायचा. गाडी दक्षिणेला निघाली की ती मला उलटा धरायची. शैलेंद्रचे मित्र मागच्या सीटवरून हसायचे, पण तिचं बरोबर असायचं. डावं ते डावीकडे, उजवं ते उजवीकडे. बोट रस्त्यावरून सरकवत ती म्हणायची, "अजून दोन एक्झिट, मग लेन बदल." सहा वर्षांत तिनं मला कुठे कुठे नेलं! ओहायोवर चहा सांडला, केंटकीवर लोणच्याचं तेल पडलं, टेनेसीच्या डोंगरात एक पान फाटलं ते तिनं चिकटपट्टीनं सांधलं. डाग पडले म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. संसार म्हटला की डाग आलेच.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. कुठे जायचं ते शैलेंद्र ठरवायचा, नाहीतर त्याचे मित्र. कसं जायचं तेवढं उत्तरा सांगायची. तिच्याकडे लायसन्स होतं, पण हायवेवर गाडी नेहमी शैलेंद्रच्याच हातात. ती किराणा दुकानापर्यंत चालवायची आणि परत यायची.

मला त्यात काही खटकत नव्हतं. ती चालवायला लागली असती तर मला मांडीवर कोणी घेतलं असतं?

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, उत्तरानं मला गाडीतून काढून घरात नेलं. मी हरखलो. म्हटलं, नवी मोठी सफर दिसते! तिनं मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं, माझ्यावर एक कोरा कागद ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. मी पाट झालो होतो, पाट! आणि शेजारी, मऊ रुमालावर, एक घडीचा गुळगुळीत कागद ऐटीत पसरला होता. त्यावर एक बेट होतं, लांबट गोल, बटाट्यासारखं. जेजू नावाचं, कोरियाचं.

हा कागद मिसेस को यांनी दिलेला. लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजी बोलायचा सराव करायला बायका जमायच्या, तिथे उत्तराची त्यांच्याशी गट्टी झाली होती. त्या मूळच्या त्या बेटावरच्या. तिथे म्हाताऱ्या बायका श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि शिंपले, कालवं काढून आणतात, हे त्यांनी सांगितलं आणि उत्तरा वेडी झाली. बेटाच्या मधोमध डोंगर, दक्षिणेला एक मोठा बुद्धविहार, वसंतात पिवळ्याधमक फुलांची शेतं. मी मनात म्हटलं, पिवळी शेतंच बघायची तर माझं कॅन्सस काय वाईट आहे? पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

जूनमध्ये नागपूरला जायचं ठरलंच होतं. उत्तराचा बेत असा, की सोलमध्ये विमान बदलताना मधेच तीन दिवस जेजूला जायचं. टूर नाही, गाइड नाही. आपलं आपण.

"सहा वर्षांत एकही ट्रिप मी ठरवलेली नाही, शैलेंद्र," ती म्हणाली. "ही एक मला करू दे ना यार."

शैलेंद्र वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "तीन दिवस देतो. त्याच्यावर एक दिवस नाही, आई वाट बघतेय. तीन दिवसांत बसव, मग जाऊ. पण सगळं तुझं तू बघ."

टोरांटोच्या मालिनीकाकूंचा फोन आला, त्यांचा विरोध. "अगं, घरी जायचं सोडून कोरियात कुठे उतरतेस? जायचंच तर टूरबरोबर जा. तुम्ही दोघंच कसे काय जाल? भाषा येत नाही, खाणं माहीत नाही."

"काकू, अमेरिकेत आलो तेव्हा तरी काय माहीत होतं?" उत्तरा म्हणाली.

मग दोन महिने रोज दुपारी ती त्या कागदावर वाकलेली असायची. मिसेस कोंकडून ती कोरियन अक्षरं शिकली. हॉटेलांना फॅक्स केले. विहारावर तिनं लाल पेननं खूण केली, बुड्या मारणाऱ्या बायकांच्या गावावर निळ्यानं. तिच्या पेनाचा दाब कागदातून माझ्या पुठ्ठ्यावर उमटायचा. अख्खं वेळापत्रक माझ्या पाठीवर कोरलं गेलं, पण त्यात माझं एकही गाव नव्हतं. अंगाचा तिळपापड होत होता माझ्या. अख्खी अमेरिका पोटात घेऊन बसलेला मी, आणि हे माझ्या एका काउंटीएवढं बेट येऊन माझ्या डोक्यावर मिरे वाटत होतं.

आणि मग तिची चूक झाली.

त्या कागदावर बेटाभोवतीच्या रस्त्याची लांबी छापली होती, १८१. पुढे बारीक अक्षरांत किलोमीटर. आता, नागपुरात किलोमीटरवर वाढलेली ही मुलगी. पण सहा वर्षं माझ्या पानांवर बोट फिरवून तिच्या डोळ्यांना मैलांचीच सवय झाली होती. आकडा दिसला की मैल. तिनं हिशोब मांडला तो सगळा मैलांत. अरुंद रस्ता, मधे थांबे, म्हणजे नुसती प्रदक्षिणाच अडीच दिवस. डोंगराला अर्धा. विमानाला जाण्यायेण्यात अर्धा-अर्धा. तीन दिवसांत काही केल्या बसेना.

तिनं आधी डोंगर खोडला. मग बायकांचं गाव. शेवटी विहारावर पेन टेकवून ती नुसती बसून राहिली.

मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. माझ्या पहिल्या पानावर मैल आणि किलोमीटरचा तक्ता आहे, ठळक, चौकटीत. ती मला फक्त उघडती तर सुटली असती. पण तिला मी पाट म्हणूनच हवा होतो ना? मग राहा म्हटलं तशीच. मी मिटून पडून राहिलो. खरं सांगतो, मला आनंद झाला.

एप्रिलच्या सुरुवातीला ती शैलेंद्रला म्हणाली, "नाही बसत. सोमवारी ट्रॅव्हल एजंटला सांगते, जेजू कॅन्सल कर म्हणून."

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळीपण आई वाट बघत असतीलच," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

तिनं तो घडीचा कागद माझ्यातच खुपसला. माझी सवत माझ्याच पोटात! पण ती हरलेली होती, म्हणून मी सहन केलं. मला पुन्हा गाडीत ठेवलं. पुन्हा मांडी माझी.

त्या शनिवारी आम्ही टोरांटोला निघालो. तिथल्या मंडळींनी बाबासाहेबांची जयंती ठेवली होती आणि मालिनीकाकूंनी बजावून बोलावलं होतं. ग्रीन कार्ड झाल्यापासून कॅनडाला जायची ही पहिलीच खेप. डेट्रॉइटचा पूल ओलांडला, विंडसर मागे पडलं आणि मोठा रस्ता लागला. मी ओन्टारिओच्या पानावर उघडा, तिच्या मांडीवर. ती मात्र खिडकीबाहेर बघत होती. मी मांडीवर असून तिचं बोट माझ्यावर नव्हतं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

रस्त्याकडेला वेगाची पाटी आली, १००.

"शंभर!" शैलेंद्र खुशीत ओरडला. "वा रे कॅनडा! आता पळवतो गाडी." आणि त्यानं गाडी दामटली.

"अरे, काय करतोस? ते शंभर मैल नाहीत, किलो..."

वाक्य अर्धंच राहिलं. शैलेंद्र हसत वेग कमी करत होता. "माहीत आहे गं, गंमत केली. ऑफिसात दिवसभर मिलिमीटरमध्ये ड्रॉइंग काढतो मी."

पण ती ऐकत नव्हती. तिनं माझी पानं भराभर उलटायला सुरुवात केली. मला कळलं ती काय शोधतेय. लोणच्याच्या तेलानं केंटकीचं पान पुढच्या पानाला चिकटलेलं होतं आणि तो कागद नेमका त्या दोन पानांमध्ये अडकला होता. मी ती पानं जिवाच्या आकांतानं धरून ठेवली. एका अ‍ॅटलासला जेवढं धरता येतं तेवढं धरलं. पण तिनं नख घालून ती अलगद सोडवली. फाडली नाहीत. एवढ्या घाईतसुद्धा फाडली नाहीत, आणि तिथेच मला माझी लाज वाटली.

तिनं कागद उघडला, डोळ्यांजवळ नेला. मग माझं पहिलं पान उघडून तक्त्यावर बोट ठेवलं.

"एकशे बारा मैल," ती म्हणाली. "शैलेंद्र, अख्खं बेट एकशे बारा मैलांत फिरून होतं! लॅन्सिंगला जाऊन परत येण्याएवढं!"

"म्हणजे?"

"म्हणजे तीन दिवसांत सगळं बसतं! डोंगर, विहार, सगळं! मी दोन महिने मैल धरून बसले होते, मूर्खासारखी." ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

शैलेंद्रनं गाडी सर्व्हिस सेंटरला घेतली. पार्किंगमध्ये थांबून तो पहिल्यांदाच त्या कागदाकडे नीट बघत म्हणाला, "सोमवारी फोन कर एजंटला. पण कन्फर्म करायला."

जूनमध्ये ते गेले. मी विमानतळाच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, तीन आठवडे तापत पडलो. रोज मनात एकच चित्र, तिच्या मांडीवर तो गुळगुळीत कागद. जळून जळून माझ्या पुठ्ठ्याच्या कडा वळल्या. उन्हानं वळल्या असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

ते परतले तेव्हा उत्तराचा चेहरा रापलेला होता. आणि गाडीजवळ येताच तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. शैलेंद्रनं मुकाट्यानं किल्ली दिली!

झालं होतं असं: भाड्याच्या गाडीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, हे उत्तरानं त्याला तीनदा सांगितलं होतं. "कॅनडात चाललं ना मिशिगनचं लायसन्स? तिथेपण चालेल," म्हणून त्यानं परवान्यासाठी फोटोच काढले नाहीत. तिनं स्वतःचा परवाना करून घेतला होता. तेव्हा जेजूवर तीन दिवस तीच चालवत होती, समुद्राकाठानं, डोंगरातून, वाऱ्यात. पाट्याही तिनंच वाचल्या. आणि तो कागद? तो शैलेंद्रच्या मांडीवर होता. दुसऱ्याच दिवशी खिडकीतून उडून समुद्रात गेला.

तिच्या मांडीवर तो एक मिनिटसुद्धा बसला नव्हता. सहा महिने मी एका कागदाचा मत्सर करत राहिलो, आणि माझी जागा घेतली ती स्टीअरिंगनं.

आता मी शैलेंद्रच्या मांडीवर असतो. तो मला सरळच धरतो, मग दक्षिणेला जाताना डावं-उजवं गोंधळतं. परवा सिनसिनाटीला निघालो होतो. "थांब हं, बघतो," म्हणत तो माझी पानं चाळत राहिला, तोवर उत्तरानं लेन बदललीसुद्धा. पुढची सहल तिनंच ठरवली आहे, त्यानंतरचीही.

मत्सर गेला का? नाही गेला. तिच्या दोन्ही हातांची बोटं त्या काळ्या चाकावर ताल धरतात तेव्हा अजून पोटात दुखतं. कधी कधी सवयीनं तिची नजर माझ्याकडे वळते, क्षणभर, आणि माझी सगळी पानं सुखावतात.

पण ताशी सत्तर मैलांचा रस्ता आहे, बाई. माझ्याकडे बघू नकोस. समोर बघ.