बंद वाटेची पाटी

नळानं घसा खाकरला, तसा घरातला शांतपणा मोडला. टळटळीत दुपार, ढमी उशीवर पाय आणि जमिनीवर डोकं अशी उलटी झोपलेली, समोरचं गॅरेजही जेवणापुरतं थांबलेलं; आणि तिची आई स्वयंपाकघरात रिकाम्या बादलीशेजारी कान देऊन बसलेली. नळ आधी खोकला, मग थुंकला, मग थोडा वेळ नुसतेच सुस्कारे टाकत राहिला आणि शेवटी एकदाची धार लागली. तिनं पाणी ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरलं. नितळ होतं. "आहे अजून," ती पुटपुटली.

काय आहे अजून, ते तिच्या नवऱ्याला सांगावं लागत नसे. वस्तीचं पाणी वरच्या सरकारी टेकडीवरून यायचं. माथ्याच्या पलीकडे एक खोलगट पाणथळ होतं, उंच गवताचं, पाय ठेवला की गादीसारखं दबणारं. पाऊस तिथं मुरायचा आणि मग वर्षभर चिमटीचिमटीनं खाली झिरपत राहायचा. सगळी टेकडी तांबडी, तेवढ्याच जागेची माती काळी आणि लोण्यासारखी मऊ. तिच्यातून एकदा जड गाडीचं चाक गेलं की झालं. चाकोरीला उतार मिळतो, पाण्याला चाकोरी मिळते, आणि मग पाणी मुरायचं सोडून पळायला शिकतं. ती जागा राखणं हे आपलं काम, असं ती समजायची. कार्यालयाच्या लेखी ती नुसती 'वाटा-देखरेख' होती.

टेकडी मौजेच्या गाड्यांना खुली होती. सुट्टी आली की शहरातून मोठ्या चाकांच्या जीपा आणि कर्कश्श फटफट्या यायच्या. माणसं चिखलात गाडी रुतवायची, ओरडत बाहेर काढायची आणि पुन्हा तिथंच रुतवायची. ढमीला पुष्कळ दिवस वाटायचं, की या बिचाऱ्यांना नीट गाडी चालवता येत नाही. त्यांच्यासाठी काही वाटा आखून दिलेल्या होत्या, बाकीच्या बंद. पण आखलेल्या वाटेवर मजा ती काय, म्हणून दर हंगामात नव्या वाटा फुटायच्या, आणि हिनं त्या बुजवायच्या.

यातली गंमत अशी, की बुजवायचे पैसेही त्याच गाड्यांचे. टेकडीवर यायचं तर गाडीला परवान्याची पट्टी लावावी लागे. पट्टीचे पैसे निधीत जात, आणि निधीतून टेकडीची डागडुजी होई. गाड्या कमी झाल्या तर निधी आटायचा, वाढल्या तर टेकडी. आणि घरी तरी काय वेगळं होतं? नवरा पायथ्याशी त्याच गाड्यांची दुरुस्ती करायचा. "मी त्यांना वर चढवतो, तू त्यांना खाली उतरव," तो म्हणायचा, "दोघांच्या मध्ये आपली पोर वाढतेय." हे तो हसून म्हणायचा. ती हसायची नाही, पण ताटात वाढताना त्याला चार घास जास्तच वाढायची.

वाट बुजवायची म्हणजे दगड रचायचे, तारा ओढायच्या, असं कुणालाही वाटेल. ते तिनं नोकरीच्या सुरुवातीला करून पाहिलं होतं. अडवलेलं दिसलं की माणसाला नेमकं तिथूनच जावंसं वाटतं. तारा तुटायच्या, दगड बाजूला व्हायचे. मग ती आणि तिचा कामावरचा जोडीदार, मजूर बुटक्या, यांनी दुसरी रीत धरली. दारातून वाकून शिरावं लागेल इतका तो उंच, म्हणूनच थट्टेनं बुटक्या. दोघं मिळून वाटेची घट्ट झालेली माती कुदळीनं मोकळी करायची, तिच्यात वाळकी झुडपं अशी रोवायची की जणू तिथंच उगवून तिथंच वाळलीत. खाली पालापाचोळा पसरायचा. दगड ठेवायचा तर शेवाळाची बाजू वर. वळणावरून नजर पोचते तेवढंच झाकायचं. जिथं नजर जात नाही तिथं चाकही जात नाही. वाट अडवायची नाही, विसरायला लावायची.

पाणथळाकडे जाणारी वाट त्यांनी अशी विसरायला लावली होती, की एकदा बुटक्या स्वतःच तिचं तोंड चुकला आणि बराच वेळ भलत्याच झुडपांपाशी उभा राहून शेंगदाणे खात होता.

निधीच्या तपासणीला साहेब आले ते हंगामाच्या शेवटी. बूट चांगले, पण चालायची सवय नसलेले. माणूस वाईट नव्हता. चढावर दम लागला तेव्हा त्यांनी तसं कबूल केलं, ढमी शाळेत जाते का ते विचारलं, आपल्याही मुलीबद्दल सांगितलं. बंद केलेल्या वाटा एकेक करून पाहिल्या, फोटो काढले. पाणथळाच्या वळणावर तिनं त्यांना थांबवलं आणि म्हणाली, ही शेवटची.

साहेबांनी समोर पाहिलं. मागं वळून पाहिलं. घाम पुसला.

"कुठंय?"

त्या क्षणी तिला असा आनंद झाला, की ती आतल्या आत लहान मुलीसारखी नाचली. बुटक्यानंही तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. पण साहेब काही हसले नाहीत. ते म्हणाले की काम उत्तम आहे, ते त्यांना पटतंय, पण त्यांना पटून उपयोग नाही. फोटो पाहणारी माणसं एका खोलीत बसलेली असतात, त्यांना या फोटोत नुसतं रान दिसेल. काम दिसलं नाही तर काम झालंच नाही. अशा टेकड्यांचा निधी आधी कापतात, आणि निधी कापला की पहिल्यांदा मजूर जातो. हे बोलताना त्यांनी बुटक्याकडे पाहायचं टाळलं.

मग तेच म्हणाले, पाटी लावा. बाकीच्या टेकड्यांवर लावतातच. 'ही वाट बंद आहे.' पाटीसकट फोटो पाठवा, दुसरी तपासणी होईपर्यंत ती राहू द्या, नंतर काढा हवं तर.

"साहेब, पाटी लावली तर वाट आहे हे कळेल," ती म्हणाली.

"बाई, मला कळतंय," ते म्हणाले. "पण मला तुमची माणसं वाचवायचीयत."

साहेब खाली उतरून गेले तरी ती दोघं तिथंच बसून राहिली. बुटक्याच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, त्याला टेकडी सोडून लांब कामाला जाता येण्यासारखं नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं. बुटक्या मात्र भलतंच बोलला. म्हणाला, "ताई, पाटी लावू की. पण पलीकडच्या कड्यापाशी लावू. तिथं कधी वाट नव्हतीच. रान ते रान. फोटोत कुणाला काय कळतंय?"

तिनं मान हलवली. म्हणाली, माझी सही असते त्यावर. जागा खोटी कशी दाखवू? उद्या साहेब परत आले आणि त्यांनी ओळखलं, तर त्यांचंही तोंड काळं आणि आपलंही.

बुटक्यानं पुन्हा विषय काढला नाही. पाटी तयार होऊन आली, पिवळी, काळ्या अक्षरांची, लांबून वाचता येईल अशी. त्यानंच खड्डा खणला. तिनं खांब सरळ धरला. फोटो छान आला.

घरी हे ऐकून नवरा पाना पुसता पुसता थांबला. "म्हणजे अख्खी वाट खोटेपणानं झाकलीस," तो म्हणाला, "वाळक्या काटक्यांना झुडपं म्हणून उभं केलंस, आणि नेमकं पाटीच्या वेळी तुला खरं बोलायचं सुचलं?" तो टोमणाच होता, पण आवाज मऊ होता. तिला उत्तर देता आलं असतं. काटक्या कुणाच्या सहीनं उभ्या नव्हत्या, असं काहीतरी. पण ढमीचा दुधाचा दात हलत होता, ती तोंड उघडून मध्ये येऊन उभी राहिली, आणि बोलणं तिथंच राहिलं.

पुढचे काही दिवस ती रोज वळणापर्यंत जाऊन यायची. पाटी उभी, झुडपं उभी. मग ढमीला ताप भरला. रात्रंदिवस पोर छातीशी, कपाळावर ओला फडका, जरा हात सोडवला की "आई, कुठं चाललीस?" टेकडी तिच्या डोक्यातून गेली नाही, पण दाराबाहेर पाऊल पडलं नाही. त्यातच कार्यालयातून फोन आला, की निधी मंजूर झालाय, माणसं कायम राहतील. बुटक्या तोच निरोप घेऊन दारापर्यंत आला, आत वाकून बघितलं, आणि झोपलेल्या ढमीसाठी उंबऱ्यावर एक केळं ठेवून गेला. त्या दिवशी तिला वाटलं, होईल सगळं नीट.

ताप उतरला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं गॅरेजमधून हाक मारली. एरवी तो हाक मारायचा ती चहासाठी, लांब सूर काढून. ही हाक आखूड होती.

एक जीप आदल्या संध्याकाळी आली होती, पुढचा सांधा निखळलेला. मालक गाडी ठेवून गेला होता. नवऱ्यानं ती धुतली नव्हती. त्यानं दिवा धरून चाकाच्या वर उजेड पाडला. मडगार्डच्या आत, जिथं तांबडी माती थापलेली असायची, तिथं काळी होती. ओली, लोण्यासारखी. आणि तिच्यात लांब गवताच्या मुळ्यांचा गुंता.

तिनं बोटावर घेतली. वास घेतला. नवरा म्हणाला, "एकच गाडी असेल." तिनं मान डोलावली. दोघांनाही माहीत होतं, की या गाड्या एकेकट्या कधी जात नाहीत.

ढमीला सोबत न्यावं लागलं. नवऱ्याच्या हातात गाडी अर्धी उघडलेली होती आणि पोर आईला सोडायला तयार नव्हती. चढावर थोडं चालवत, थोडं कडेवर घेत ती वळणाशी पोचली. पाटी जागच्या जागी होती, सरळ, स्वच्छ. तिच्या पायथ्याशी सगळी वाळकी झुडपं उपटून एकावर एक रचून ठेवलेली, बुंधे एका बाजूला, शेंडे एका बाजूला. कुणीतरी व्यवस्थित माणूस असावा. शेवाळाचा दगडही त्यानं फेकला नव्हता, कडेला नीट टेकवून ठेवला होता.

पुढचं पाहायला लांब जावं लागलं नाही. पाणथळ मधोमध फाडलेलं होतं. एक चाकोरी नव्हती. गाड्या गोल फिरल्या होत्या, रुतल्या होत्या, निघाल्या होत्या, पुन्हा रुतल्या होत्या. गवत उलटं होऊन पडलेलं, मुळं आकाशाकडे. आणि सगळ्या चाकोऱ्यांतून काळं पाणी, घाई न करता, पण न थांबता, पलीकडच्या उताराला चाललेलं. पलीकडे वस्ती नव्हती. पलीकडे कडा होता.

ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनीच माती ओढून चाकोरीत टाकू लागली. पाणी जरा थांबलं, फुगलं, बाजूनं वाट काढून पुढं गेलं. तिनं आणखी माती टाकली. ते पुन्हा बाजूनं गेलं. बुटक्याला बोलवावं, दगड आणावेत, ओंडके आणावेत, असं सगळं मनात येत होतं. आणि त्याच मनाला हेही कळत होतं, की पाण्याला एकदा खालची दिशा सापडली की ते परत मुरायला बसत नाही. निधी होता आता. माणसंही होती. राखायचं तेवढं उरलं नव्हतं.

ढमी मागं पाटीपाशीच थांबली होती. नुकतीच अक्षरं लावायला शिकलेली पोर, दिसेल ते वाचायची. खांबाला धरून ती मोठ्यानं एकेक अक्षर जोडत होती. मग धावत आली, आईच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे पाहून जरा थबकली, आणि तिच्या पाठीवर ओणवी झाली.

"आई, तिथं लिहिलंय, ही वाट बंद आहे," ती म्हणाली. "पण बंद होती तेव्हा तर ती दिसतच नव्हती ना? मग पाटी वाचायला कोण येणार होतं?"