कोऱ्या कागदावरचं ‘मंजूर’

कुंभारीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवेलवाले, लेथवाले, चटणी-मसालेवाल्या बायका, सगळे छोटे उद्योजक. नव्या संशोधनाला सरकार अनुदान देणार होतं, आणि ते कुणाला मिळणार हे गुरप्पा महाराज आधीच सांगत होते.

“साहेबाचा शिक्का मागनं, देवाचा आदी!” महाराज गरजले. स्वतःजवळच्या गठ्ठ्यातला कोरा कागद त्यांनी केराबाईंपुढं धरला, त्यावर भंडाऱ्याचं पाणी शिंपडलं. पिवळ्या ओलीत तांबडी अक्षरं उमटली: मंजूर. केराबाई रडायलाच लागल्या.

केराबाई मंगळवेढ्याच्या, घोंगड्यांचा धंदा करणाऱ्या. घोंगडं अंगाला टोचू नये म्हणून दोन वर्षं त्या लोकर नाना तऱ्हांनी धुऊन बघत होत्या. मी, बुद्धप्रिया, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. त्यांचा अर्ज मीच लिहून देत होते.

“शेवटच्या चाचण्या राहिल्यात,” मी म्हणाले. “निकाल जोडल्याशिवाय अर्ज घेत नाहीत.”

“आता कशाला, बाई? मंजूर झालंय की! महाराज म्हणले, पारख केली तर देवावर संशय घेतल्यागत हुतं.”

मुदत आठ दिवसांवर होती. सहा दिवस त्यांनी लोकर धुवायच्या पाण्याची चूलच पेटवली नाही.

सातव्या दिवशी मी त्यांच्याच घरातला धुण्याचा सोडा पाण्यात कालवला, काडीनं कागदावर लिहिलं आणि वाळवलं. काही दिसेना. हळदीचं पाणी त्यांच्या हाती दिलं. त्यांनी शिंपडलं. तांबडं अक्षर उमटलं: नामंजूर.

“हळदीला सोडा लागला की ती लाल होते, केराबाई. महाराज घरूनच लिहून आणतात.”

केराबाईंनी आपली चाचण्यांची वही उघडली. “सोड्यात धुतलेली लोकर हळदीत लाल पडती, हे मीच वहीत लिवलंय, बाई. मला ठावं हुतं. तरी मी हात जोडलं.”

त्याच दुपारी एसटीनं आम्ही कुंभारी गाठली. महाराजांची सभा अजून रोज भरत होती. भर सभेत केराबाईंनी स्वतःचा कागद पुढं केला. “ह्यावर उमटवा.”

“संशयी माणसाच्या कागदावर देव येत न्हाय,” महाराज म्हणाले.

मी सोडा-हळदीचा प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवला. चार-दोन बायका उठून गेल्या. टॉवेलवाले निंगप्पा मात्र चिडले. “केराक्का, खोडा घालू नगा. आमचं मंजूर झालंय!”

राहिलेल्या चाचण्यांना चार दिवस लागणार होते. हातात एकच उरला होता. अर्ज गेलाच नाही. निंगप्पांचाही नाही; ‘मंजूर’ झालंय म्हणून त्यांनी तो भरलाच नव्हता.

सोमवारी केराबाईंनी पुन्हा चूल पेटवली, पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी. वाचणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे: चमत्कार दाखवणाऱ्याला हात जोडण्याआधी आपला कागद द्या, आपलं पाणी द्या. आणि तो नको म्हणाला, तर तिथून उठा.