रिकामे हात

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मी शाळा लवकर सोडली, मोठे शब्द मला सुचत नाहीत, आणि हल्ली डाव्या हाताने लिहितो, त्यामुळे अक्षरही नीट येत नाही.

मकावच्या ज्या कॅसिनोत मी पत्ते वाटायचो, तिथेच आधी माझा मोठा भाऊ मेंगदादा वाटायचा. पोर्तुगीजांचे जायचे दिवस जवळ आले होते आणि कॅसिनोंमध्ये बड्या पाहुण्यांच्या खास खोल्या वाढत चालल्या होत्या. एकेक खोली एकेका टोळीने चालवायला घेतलेली, त्यावरून मारामाऱ्या, आणि सकाळी रस्त्यात जळून काळ्या पडलेल्या मोटरसायकली. आमची खोली फुंगशेठची होती. त्याने एकदा दादाला आधीच लावून ठेवलेले पत्ते, ज्यातून एकेक पत्ता काढून वाटतात त्या पेटीत घालायला सांगितले, दादा नाही म्हणाला, आणि त्यानंतर एका दुपारी तो कामावरून घरी आलाच नाही. फुंगशेठने आईकडे फळांची करंडी पाठवली आणि मला दादाची जागा दिली. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. आईनेही मला अडवलं नाही, एवढंच म्हणाली, "एकाची वाट बघते आहे, तेवढी पुरे."

टेबल सोडताना आम्ही एक टाळी वाजवून दोन्ही हात कॅमेऱ्याला उलटसुलट करून दाखवतो, बोटांत काही लपवलेलं नाही म्हणून. हात दाखवले की त्या माणसाचं टेबल संपलं. मग त्याने पत्त्याला शिवायचं नाही, समोर कोणी का बसलेला असेना. दादा डावखुरा होता. त्याचा डावा हात आधी उलटायचा आणि लहानपणी दारात चेंगरलेली त्या हाताची करंगळी वाकडीच राहायची. घरी जेवणाआधी आई आम्हा दोघांचे हात तपासायची, तिथेही तो तसाच दाखवायचा. आता मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही, पण माझे हात चाचपल्याशिवाय ती अजूनही ताट वाढत नाही.

कॅमेऱ्यांच्या खोलीत बसणारे लाम काका एकदा चहा पिताना मला चिडवू लागले, की एवढा सज्जन असशील तर देवळात जाऊन बस, इथे प्रत्येक वेळी दोनदा हात कशाला दाखवतोस. मी एकदाच दाखवतो असं म्हटल्यावर त्यांनी हसत हसत मला टेप दाखवली. पडद्यावर मी टाळी वाजवली, उजवा हात आधी उलटला, दोन्ही हात खाली सोडले आणि क्षणभर तसाच उभा राहिलो. मग मी पुन्हा टाळी वाजवली, आणि या वेळी डावा हात आधी उलटला. लाम काकांनी दादालाही त्याच पडद्यावर कितीतरी वर्षं पाहिलं होतं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी टेप बंद केली आणि त्यानंतर माझी चेष्टा कधी केली नाही.

पुढे खाणावळीत चॉपस्टिक माझ्या डाव्या हातात दिसू लागल्या. मी त्या उजव्या हातात घ्यायचो, आणि दोन घास झाले की त्या पुन्हा डाव्या हातात असायच्या.

मग एक दिवस फुंगशेठचा माणूस साय आला. उद्या दुपारी मोठा पाहुणा येतोय, तेव्हा दादाने टाळलेलं काम मी करायचं होतं. "तुझा भाऊ शिकलेला, म्हणून त्याला नाही म्हणायचं सुचलं," तो माझा टाय सारखा करत म्हणाला. "तू शाळा सोडलीस ते बरंच झालं बघ." आईचं बोलणं आठवून मी हो म्हणालो. मला फक्त घरी परत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा पत्त्याची कड हळूहळू दुमडत, त्यावर फुंकर घालत खेळत होता. साय त्याच्या मागे उभा होता. लावलेले पत्ते माझ्यासमोर आले, ते उचलून पेटीत ठेवायचे एवढंच काम होतं. मी हात पुढे केले. तेवढ्यात टाळी ऐकू आली. कोणी वाजवली म्हणून मी मान वर केली, तर माझेच हात कॅमेऱ्याकडे उचललेले होते आणि डावा आधी उलटत होता.

पाहुण्यादेखत रिवाज मोडणं सायलाही शक्य नव्हतं. दुसऱ्या डीलरला हाक गेली. नव्या पेटीआधीच पत्ते वाटणारा बदलला, हा अपशकुन मानून पाहुण्याने आपली टोकनं गोळा केली आणि तो उठून गेला. साय माझ्यावर ओरडला नाही. हलकेच कोपर धरून म्हणाला, "चल, घरी सोडतो."

गाडी ताइपा बेटाकडे जाणाऱ्या पुलावर चढली. आमचं घर पुलाच्या अलीकडे आहे. पुढचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी होतो. नखांत ओली लाल माती होती, ती मी खूप वेळ घासून काढली आणि पेजेच्या वाडग्यासमोर येऊन बसलो. नेहमीसारखे हात पुढे केले. आईने ते चाचपले. डाव्या करंगळीशी येऊन तिची बोटं थांबली, तिने ती करंगळी हळूच सरळ करून पाहिली आणि सोडून दिली.

"आलास?" ती म्हणाली. "मग धाकटा कुठे राहिला?"

"येईल," मी म्हणालो, आणि पेज खायला घेतली.