वरातीच्या चालीचे ऑइल

एप्रिलमधील सकाळ आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकदम येत नाही. आधी ती पूर्वेकडच्या मोकळ्या रानावर बराच वेळ नुसती पसरून राहते. तूर कधीच निघालेली असते, जमीन उघडी असते, आणि तिथल्या प्रत्येक ढेकळाला थोडा वेळ स्वतःची लांबट सावली मिळते. मग ती बांधावर रचलेल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात शिरते आणि काड्यांमधून गाळून आल्यासारखी, फिकट होऊन, अंगणात उतरते. शेडच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोके आहेत. त्यांतून उजेडाचे कवडसे गाडीच्या मागच्या काचेवर पडतात, मग छपरावर, मग फार सावकाश लाल बॉनेटवर. त्या उजेडात धूळ वर चढते की खाली उतरते, हे मला इतके दिवस पाहूनही सांगता आलेले नाही. सर्वांत शेवटी उजेड फळीवर पोहोचतो. त्या दिवशी फळीवर ऑइलचे दोन डबे होते, आणि संध्याकाळपूर्वी त्यांतला एक मला निवडायचा होता.

गाडी दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. पुण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक असताना मी ती घेतली आणि गाव सोडताना जितका एकटा होतो तितकाच एकटा, पण तिच्यात बसून, लोणारला परतलो. हिवाळ्यात हौशी चालकांची एक शर्यत असते. एकेक गाडी धावपट्टीवर सुटते आणि तिची वेळ मोजली जाते. तिच्यात उतरायचे, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात कोणाला न विचारता ठरवली होती. तोवर लग्नसराईत गाडी नवरदेवांना मिरवत होती. दोनशेच्या वेगासाठी घडवलेले यंत्र बँडमागे, नाचणाऱ्यांच्या पावलाने, तासन्‌तास सरकत असे.

गेल्या आठवड्यात साखरखेर्ड्याच्या वरातीत ऑइल प्रेशरचा, म्हणजे ऑइलचा दाब पडल्याचा, लाल दिवा लागला. इंजिन जपायचे म्हणून मी ते बंद केले. वऱ्हाडी मंडळींनी नवरदेवासकट गाडी मांडवापर्यंत ढकलत नेली. "नवरदेवाचं वजन पाहून घ्या हो, पोरीवाले," कोणीतरी म्हणाले, आणि बँडवालेही हसले. आज सुलतानपूरला इंद्रभानमामांच्या मुलाची वरात होती.

आसिम आला तेव्हा मी डब्यांसमोर उभा होतो. बस स्टँडजवळ त्याच्या वडिलांचे, बशीरचाचांचे, स्पेअर पार्टचे दुकान आहे. दाट ऑइलचा डबा त्यानेच आणून ठेवला होता.

"काय बे नागसेन, नवरी पसंत करून राह्यला का ऑइल?"

"गाडीच्या पुस्तकात पाच-डब्ल्यू-तीस लिहेल हाये," मी म्हणालो.

शेवटचा आकडा गरम इंजिनात ऑइल किती दाट राहील ते सांगतो. तीसचे ऑइल पातळ. ते अरुंद फटींतून झरझर फिरते आणि इंजिनाचा जोर खात नाही. आसिमचे पन्नासचे होते.

"पुस्तक लिहिलं तवा गाडी कोरी होती. अन् लिहिणाऱ्यानं आपला बँड पाह्यला नव्हता."

"सेन्सर दगा देत असन."

"सेन्सर तू बदलला. वायर बदलली. आता मीच राह्यलो, मलेबी बदलून टाक." तो बॉनेटला टेकला. "आतले बेअरिंग घासले असतील तर? फटी वाढल्या का पातळ ऑइल निसटून जाते, दाब पडते."

"ते आता कुठीच भेटत नाहीत. कंपनीनं बनवणंच सोडलं."

"म्हणूनच तू सेन्सर बदलून राह्यला," तो म्हणाला.

वाद घालण्याचे बळ माझ्यात कधीच नव्हते. मोजण्याचे मात्र होते. दिव्यावर विश्वास नको म्हणून मी डॅशबोर्डवर काट्याचे मीटर बसवले आणि पुस्तकातल्या किमान दाबावर लाल रेघ ओढली. गाडीत तीसचे नवे ऑइल भरले, आणि आसिमला सांगितले की आपण दुपारच्या उन्हात वरात काढू. दुपारी टिकली तर संध्याकाळी टिकेल.

"नवरदेव?"

नवरदेवाच्या जागी माय बसली. गाडी घरी आल्यापासून ती त्या सीटवर एकदाही बसली नव्हती. पदर सावरत ती आत शिरली आणि म्हणाली, "लय खाली हाये रे बापू. जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटते."

सुलतानपूरच्या वाटेवर आम्ही निघालो. पुढे आसिम दोन्ही हात वर करून, कसल्याही बाजाशिवाय, नाचत चालला होता. मागे गाडी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या टाचांमागे सरकत होती. डांबरावरची हवा पाण्यासारखी हलत होती. शेळ्या घेऊन येणाऱ्या अन्नपूर्णाबाई रस्त्याच्या कडेला थांबल्या.

"पंचफुला, कोणाची वरात वो?"

"माह्यीच," माय म्हणाली. "पुन्यांदा सासरी चालली."

"अन् बँड?"

"बँडवाला रुसला."

मी हसलो नाही. काटा हळूहळू खाली येत होता. गिअर काढून गाडी जागेवर उभी केली की तो आणखी उतरे. उतारापाशी तो रेघेवर आला, क्षणभर टेकला आणि खाली गेला. मग लाल दिवा लागला. मी इंजिन बंद केले. आसिम हात वर तसेच ठेवून वळला.

"बंद पडली का?"

"केली."

आम्ही गाडी ढकलत परत आणली. माय बसून राहिली नाही. उतरून तिनेही मागून हात लावला. शेडमध्ये मी ते नवेकोरे, मधाच्या रंगाचे ऑइल काढले. ते इतके निर्दोष होते की फेकताना हात अडखळला. फिल्टर बदलला. आसिमचा डबा उघडला. दाट ऑइल जाड धारेने, घाई न करता, आत उतरत राहिले आणि मी ती धार तुटेपर्यंत पाहत राहिलो.

दुसऱ्या खेपेला आसिम पहिल्या वळणावरच दमला. "आता मी चालवतो, तू नाच."

"मले येत नाही."

"वरातीत गाडी हाकतो अन् नाचता येत नाही म्हणे," तो पुटपुटला आणि पुन्हा हात वर करून निघाला.

उताराशी मी गाडी उभी करून ठेवली. पंखा घरघरत होता, बॉनेटमधून वाफारा येत होता. काटा खाली आला, रेघेच्या वर थांबला, आणि तिथेच राहिला.

"पाह्य," आसिम खिडकीत वाकून म्हणाला. "म्हटलं होतं ना?"

माय माझ्याकडे पाहत होती. "जमलं ना? मंग मुंडी काऊन खाली घातली?"

"ऊन लागलं," मी म्हणालो.

संध्याकाळी इंद्रभानमामांच्या मुलाला मी वस्तीच्या टोकापासून मांडवापर्यंत नेले. पोरे बॉनेटसमोर नाचत होती, बायका खिडकीतून नवरदेवाच्या डोळ्यांसमोर हात हलवून त्याला हसवू पाहत होत्या, आणि तो गंभीर राहण्याचा निकराने प्रयत्न करत होता. प्रत्येक चौकात वरात थांबली. प्रत्येक ठिकाणी मी काट्याकडे पाहिले. मी ठरवले होते की आज हा मुलगा ढकललेल्या गाडीतून जाणार नाही, आणि तो गेला नाही. मांडवाशी उतरताना त्याने माझा हात धरून दाबला. "मस्त गाडी हाये, दादा," तो म्हणाला.

मंडळी आत गेली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. बॉनेटवर उधळलेल्या फुलांच्या पाकळ्या खालच्या उष्णतेने काळवंडत होत्या. काटा अजून रेघेच्या वर होता. धडधाकट इंजिनाने तीसच्या ऑइलवरही तो तिथेच धरला असता.

इंजिन झिजलेले होते. ही गाडी शर्यतीत उतरणार नव्हती.