पिपाणी वाजत असेपर्यंत

पेयो इरिबेरीच्या नाकाला खाज सुटली आणि त्यापायी दोन कोकरं गेली, ही गोष्ट त्याच्या आईने गावभर करून ठेवली होती. पेंडीच्या दुकानात सांगितली, चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबाबांना सांगितली, आणि रविवारी पत्ते कुटायला जमणाऱ्या म्हाताऱ्यांना तर स्वतःचं नाक खाजवून दाखवत सांगितली. "चाळिशीला आलाय घोडा," ती म्हणायची, "पण बूड म्हणून स्थिर नाही." आईच ती. पोटच्या पोराची अब्रू इतक्या स्वस्तात दुसरं कोण विकणार?

गोष्ट मात्र खरी होती. मागच्या आठवड्यात मायलेक कायोट मारायला बसली होती. कायोट कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान, पण लबाडीत दोघांचाही बाप. मांडीवरचे केस झडलेली एक मादी त्या वसंतात कळपाला लागली होती. राखणीचा पांढरा कुत्रा हिवाळ्यात म्हातारपणाने गेला होता आणि नवं पिल्लू अजून स्वतःच्याच शेपटीमागे फिरत होतं, त्यामुळे तिला रान मोकळंच होतं. ती आईच्या शिकारी पिपाणीच्या सशासारख्या आवाजावर येत होती, रायफलीच्या टप्प्यात शिरणारच होती, आणि नेमका तेव्हा पेयोचा हात नाकाकडे गेला. मादी जागच्या जागी वळली आणि झुडपांत दिसेनाशी झाली. त्याच रात्री तिने कुंपणाच्या कडेची दोन कोकरं फाडली.

अमाने दुसऱ्या दिवशी जेवताना ताट बाजूला सारलं. स्पेनच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेल्या त्या बास्क घरात आईला अमाच म्हणत.

"मेंढरं विकतेय मी. थंडी पडायच्या आत."

"आणि मी काय करू?"

"जा परत तेलाच्या विहिरींवर. तिथे तू हललास तर कुणाचं कोकरू जात नाही."

पेयोने हातातला घास ताटात परत ठेवला. तेलविहिरींवर उमेदीची वर्षं आणि एक बायको घालवून तो घरी परतला होता. बापाच्या मागे राहिलेला हा कळप आणि बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याची ही वारा खात पडलेली जमीन, याखेरीज त्याच्याकडे आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. तो हे बोलून दाखवणारा नव्हता, आणि ती विचारणारी नव्हती.

"ती झडकी मारली तर?" त्याने विचारलं.

अमाने ताट पुन्हा पुढे ओढलं. "मारून दाखव. मग बोलू."

म्हणून त्या सकाळी दोघं पुन्हा निघाली. एप्रिल होता, पण घळींमधून बर्फ पडूनच होता. गाडीत अमाने हजारदा सांगितलेले नियम पुन्हा सांगायला घेतले.

"पिपाणी वाजत असेपर्यंत तू कोण?"

"दगड."

"थांबली तर?"

"तरी दगड. तू उठून हाक मारेपर्यंत."

"आणि बार झाल्यावर?"

"तिचा जोडीदार मागेच असतो. तू वाजवत राहणार, मी बसून राहणार. अमा, मला पाठ आहे सगळं."

"पाठ तर मागच्या वेळीही होतं. नाकाला तेवढं माहीत नव्हतं."

टेकाडामागे गाडी लावून, दारं न आपटता दोघं उतरली. अमाने थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि कप तिच्या डाव्या हातातून निसटून बर्फात पडला.

"काय गं?"

"मुंग्या आल्यात हाताला. रात्रभर त्याच कुशीवर झोपले होते."

"म्हणजे आज तू हलणार म्हणायची."

"माझ्या हाताचं मी बघते. तू तुझ्या नाकाचं बघ."

तिने हातमोजा चढवायला घेतला तर अंगठा भलत्याच बोटाच्या घरात गेला. पेयोने मोजा काढून नीट चढवून दिला. एरवी तिने त्याचा हात झिडकारला असता, आज मुकाट्याने चढवू दिला. पेयोला बरं वाटलं. अमाने आपल्याला तिच्यासाठी काहीतरी करू दिलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

वारा अंगावर घेत दोघं टेकाड ओलांडून गेली. अमा एका मोठ्या खडकाच्या आडोशाला बसली. पेयो तिथून मागे फिरून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर पालथा पडला. कायोट कधी सरळ आवाजावर जात नाही. तो वळसा घालून खालून येतो, आधी वास घेतो, म्हणून बंदूक खाली आणि पिपाणी वर. मधे जमिनीचा उंचवटा होता, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नव्हती. दिसायची गरजही नव्हती, ऐकू आलं की पुरे.

पिपाणी मेंढ्याच्या शिंगाची होती. पेयोच्या बापाने, शिमुनने, लग्नाच्या वर्षी ती कोरली होती. फुंकली की पायात तार रुतलेला ससा केकाटतो तसा आवाज निघायचा. अमाची वाजवायची पद्धत ठरलेली होती. थोडं केकाटायचं, मग गप्प राहून मनातल्या मनात मारियामातेची प्रार्थना म्हणायची, प्रार्थना संपली की पुन्हा फुंकायचं. घाई केली तर कायोटला संशय येतो, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्यांदा वाजली ती तशीच. मग शांतता. दुसऱ्यांदाही तशीच. पेयोने गाल रायफलीच्या दस्त्याला टेकवला आणि श्वास हळू केला.

तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला. लांब, फाटका, मधेच तुटणारा. तुटला आणि लगेच पुन्हा सुरू झाला, मधे प्रार्थनेपुरतीही उसंत नाही. पेयो चकित झाला. ससा केकाटत नव्हता, ससा मरत होता. घशात पाणी भरल्यासारखी एक घरघर त्यात मिसळत होती. इतकं जिवंत वाजवलेलं त्याने बापाकडूनही ऐकलं नव्हतं. म्हातारीने झडकीसाठी ठेवणीतला आवाज काढला, असं त्याला वाटलं, आणि आईचा अभिमान वाटून त्याचे डोळे ओले झाले.

आवाज थांबेना. बराच वेळ झाला तसा त्याच्या मनात दुसरा विचार आला. परीक्षा घेतेय माझी. मुद्दाम ताणतेय. हलतो का बघतेय. हे अमाच्या स्वभावाला धरूनच होतं. लहानपणी ती त्याला दाण्यांच्या पोत्यावर बसवून, ऊठ म्हणेपर्यंत उठू नकोस, असं सांगून धार काढायला निघून जायची आणि दारामागून बघत राहायची. आता त्याचा एक पाय बधिर झाला. कोपराखालचा बर्फ विरघळून बाहीत शिरला. आणि ठरल्याप्रमाणे नाकाला खाज सुटली. पेयोने दात आवळले. खाज म्हणावं किती खाजतंस ते! आज मेलो तरी हलणार नाही.

तो हलला नाही.

ओढ्याच्या पलीकडून झडकी आली. डोकं खाली, कान आवाजाकडे. उघड्या मांडीची कातडी उन्हात राखाडी दिसत होती. ती थांबली, नाक वर केलं, दोन पावलं पुढे आली. पेयोने एकच बार टाकला. ती पाय न झाडता उभी होती तशीच कलंडली.

छातीत आनंद मावेना. ओरडावं, धावत जावं, तिला शेपटीने उचलून अमाच्या पायाशी टाकावी! पण बार विरतो न विरतो तोच पिपाणी पुन्हा सुरू झाली. जोडीदारासाठी. पेयो पुन्हा दगड झाला. बघ, अमा. आता तरी बघ.

आता आवाज बारीक होता. एक फुंकर, मग नुसती हवा, मग पुन्हा एक फुंकर. बरोबरच आहे, त्याने स्वतःला सांगितलं, सशाचा जीव संपत आला. शेवटी तीही थांबली. पेयो हाकेची वाट पाहत पडून राहिला. हाक आली नाही. वारा पडला, पुन्हा सुटला. खालच्या कुरणातून एका कोकराचं ओरडणं ऐकू आलं.

मग जोडीदार आला. नर होता, भरल्या अंगाचा. पण तो वळसा घालून खाली आलाच नाही. तो उंचवट्याच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला आणि अमाच्या खडकामागे बघू लागला. एक पाऊल पुढे गेला. मान लांब करून हुंगलं. आणखी एक पाऊल. माणूस तिथे जागं, धड असतं, तर कायोट असा उभा राहिला नसता. हे पेयोला कळलं, आणि सगळंच कळलं.

"अमा!"

नर पळाला. पेयो बधिर पाय ओढत, पडत, उठत वर गेला.

अमा खडकापासून बरीच पुढे, बर्फात कुशीवर पडली होती. तिच्या मागे बर्फात एक रुंद फरपट उमटली होती. ती त्याच्याच दिशेने सरपटत आली होती. तोंडाची डावी बाजू ओघळलेली, आणि उजव्या बाजूच्या दातांत पिपाणी धरलेली. डोळे उघडे होते. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं तू..." पेयो म्हणाला. त्याने तिच्या दातांतून पिपाणी सोडवून तिच्या कोटाच्या खिशात घातली आणि तिला उचलून घेतलं.

शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, "हे सुरू कधी झालं?"

"तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. पेयोने समजावून सांगितलं नाही. पंधरवड्याने तिला घरी सोडताना ते एवढंच म्हणाले, की डोक्यातल्या रक्ताच्या अशा गाठीला लवकर औषध मिळालं तर कधीकधी उपयोग होतो, आणि वाचा आता परत यायची नाही.

मेंढरं विकण्याचा विषय निघालाच नाही, काढणार कोण? कळप पेयोचाच झाला. एकदा तो पेंड आणायला गेला तर दुकानातला म्हातारा बातिस्त सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "ऐकलं बरं का, झडकीला लोळवलंस! दगडासारखा बसलास म्हणे! तुझ्या अमाने आता काय बोलावं?" सगळे हसले. ते चांगल्या मनानेच हसले होते. पेयो पेंड न घेताच गाडीत जाऊन बसला आणि घरी निघाला.

अमाच्या उशाशी त्याने पितळी घंटी आणून ठेवली. तिने ती उजव्या हाताने ढकलून दिली. पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. मग तिने बोट दाखवलं, खुंटीवर अडकवलेल्या तिच्या कोटाकडे. पेयो कितीतरी वेळ कळलं नाही असंच दाखवत राहिला. शेवटी त्याने कोटाच्या खिशातून पिपाणी काढून तिच्या हातात दिली.

त्या दुपारी तो मोरीत चोरिसो सॉसेजची कढई घासत होता. आतून पिपाणी वाजली. आणि पेयोचं अंग थिजलं. हात कढईत तसाच राहिला, श्वास अडला, मान वळेना. अंगाला लावलेलं वळण ते, मनाला विचारत नाही. एकच श्वास, पण तेवढा गेलाच. मग तो कढई टाकून साबणाच्या हातांनी धावला.

"काय हवं, अमा? पाणी?"

तिने मान हलवली. नको.

"उशी देऊ? कूस बदलू? खिडकी लावू?"

नको, नको, नको. ती फक्त त्याच्याकडे बघत होती. मग तिने डोळे मिटून घेतले आणि पिपाणी छातीवर ठेवली.

थोड्या वेळाने पुन्हा वाजली. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात कोकराला बाटली पाजत असताना, तिसऱ्या दिवशी गाडी पुसत असताना. दर वेळी तो धावत यायचा, दर वेळी विचारायचा, दर वेळी तिला काहीच नको असायचं. एकदा तो दारात धापा टाकत उभा राहिला, आणि विचारायचं त्याने सोडून दिलं. तिला काय हवं होतं ते त्याला कळलं. तो येतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

"आलो, अमा," तो म्हणाला. "आलो."

तिने पिपाणी पुन्हा ओठाला लावली.